ऐकलेले कोपरगाव

या वार्षिकांकात प्रतिवर्षी शाळेची छायाचित्रे छापली जातात. पारितोषिक स्वीकारणारा विद्यार्थी, स्नेहसंमेलनातील राजे आणि प्रधान, पायऱ्यांवर ओळीने बसविलेले वर्ग, या सर्वांना त्यात स्थान मिळते. आणि पुढे कोणी माजी विद्यार्थी हा अंक उघडील तेव्हा आपला त्या वेळचा भांग व गणवेश पाहून तो खचित हसेल. परंतु प्रार्थनेच्या वेळी शेकडो कंठांतून उठणारा तो किंचित बेसूर पण भरदार स्वर, मधल्या सुट्टीची घंटा झाल्याबरोबर जिन्यावर होणारा पावलांचा गडगडाट, पावसाच्या सरीने पत्रे वाजू लागले म्हणजे शिकविणे थांबवून आम्ही शिक्षक जी मुकाट्याने वाट पाहतो ती दोन मिनिटे, यांपैकी कशाचेही चित्र काढता येत नाही. गावाचेही तसेच आहे. राघोबादादा पेशवे १७८३ साली कोपरगावी वारले, हे आपण इतिहासात शिकतो, आणि त्यांच्या वाड्याकडे बोट दाखवून पाहुण्यांना ते सांगतोही. त्या वाड्यात पहाटे कोणते आवाज उठत, हे मात्र आता कोणालाही सांगता येणार नाही.

गेल्या वर्षी नववीच्या मुलामुलींनी कोपरगावचे एक ध्वनिचित्र तयार केले. त्यात दाखवायचे काही नाही, केवळ ऐकायचे आहे. ते कसे झाले आणि त्यापायी वर्गात कोणता वाद माजला, हे पालकांच्याही कानी जावे या हेतूने हे लिहीत आहे.

असा प्रकार नवा नाही. आकाशवाणीच्या परिभाषेत ज्याला रूपक म्हणतात, त्याच्याच घराण्यातला हा आहे. एडिसनने १८७७ साली ध्वनी मुद्रित करणारे यंत्र सिद्ध केल्यापासून माणसाने प्रथम गाणी आणि भाषणे टिपली. गावाचा गलबला टिपण्यासारखा आहे हे लक्षात यावयास बराच काळ जावा लागला. १९४८ साली पॅरिस येथे पिएर शेफर नावाच्या गृहस्थाने आगगाडीच्या इंजिनांचे फुत्कार आणि चाकांचा खडखडाट टिपून, ते तुकडे जोडून, त्यालाच संगीत म्हणून लोकांपुढे ठेवले. पुष्कळांनी नाके मुरडली असतील. मलाही ते फार वेळ ऐकवत नाही, हे सांगून टाकते.

त्याहून मला अधिक मोलाचे वाटते ते इंग्लंडमधील एक काम. १९५७ च्या फेब्रुवारीत तेथील जॉन ॲक्सन नावाच्या एका इंजिनचालकाच्या गाडीचा वाफेचा नळ फुटला आणि ब्रेक निकामी झाला. उडी टाकून जीव वाचविणे त्याला शक्य होते. परंतु गाडी आवरण्याच्या आणि इतरांना सावध करण्याच्या खटपटीत तो इंजिनावरच राहिला व अपघातात मरण पावला. पुढील वर्षी चार्ल्स पार्कर, इवन मॅकॉल आणि पेगी सीगर यांनी बीबीसीसाठी त्याच्यावर एक संगीतमय रूपक रचले. रिवाज असा होता की, कामगारांच्या मुलाखती घ्याव्यात, त्यांवरून संहिता लिहावी आणि ती सुस्पष्ट उच्चारांच्या नटांकडून वदवून घ्यावी. मुद्रित केलेले बोल ऐकल्यावर मात्र या मंडळींना असे दिसून आले की, त्या चालकांच्या व फायरमनांच्या अडखळत्या बोलण्यात जे आहे ते कोणत्याही नटाला साधणार नाही. त्यांनी ते मूळ आवाजच ठेवले. १९६४ पर्यंत अशी आठ रूपके झाली. ज्याच्यावर गुदरले त्यालाच बोलू द्यावे ही गोष्ट आज साधी भासते. परंतु त्या काळी रेडिओवर गावंढळ उच्चाराला प्रवेश मिळणे दुर्घट होते. आपल्याकडे अजूनही वक्तृत्वस्पर्धेत 'कुटं' म्हणणाऱ्या मुलाचे गुण कापले जातात. असो.

कॅनडातील मरे शेफर यांनी आणखी पुढची पायरी गाठली. हे शेफर निराळे, पॅरिसचे नव्हेत. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली स्वीडन, जर्मनी, इटली, फ्रान्स आणि स्कॉटलंड येथील एकेका खेड्यात राहून तेथे दिवसभर काय ऐकू येते याची नोंद केली. वाटसरू जसा उंच पिंपळावरून गाव ओळखतो, तसे ते आवाजावरूनही ओळखता येते, असे त्यांचे म्हणणे. हे वाचून मी वर्गात प्रश्न टाकला: डोळे बांधून तुम्हाला कोणी कोपरगावात आणून सोडले, तर हे कोपरगावच, असे कशावरून ओळखाल?

पहिल्या दिवशीची उत्तरे पुस्तकी आली. गोदामाईची खळखळ, पाखरांची किलबिल, मंदिरातील घंटानाद. गोदावरीचे पात्र वर्षातील कित्येक महिने खळखळण्याच्या स्थितीत नसते, हे नदीकाठी राहणाऱ्या एका मुलानेच निदर्शनास आणले. मग मी त्यांना आठ दिवसांची मुदत दिली व घरातील मोठ्या माणसांच्या परवानगीने, त्यांच्याच भ्रमणध्वनीवर आवाज टिपून आणावयास सांगितले.

आठ दिवसांनी जे आले ते ऐकून मी थक्क झाले. गावापासून काही अंतरावर असलेल्या स्थानकाहून रात्री येणारी गाडीची शिटी होती. दौंड-मनमाड हा मार्ग १८७८ पासूनचा. तेव्हा ही शिटी आपल्या पणजोबांच्याही झोपेत शिरली असली पाहिजे. बेटातील शुक्राचार्यांच्या मंदिराची घंटा, मशिदीतील अजान आणि आमच्या रविवारच्या उपासनेचे भजन ही तिन्ही एकाच मुलीने टिपली होती. कांद्याच्या लिलावातील आकड्यांची सरबत्ती होती. साखर कारखान्याचा भोंगा होता, आणि हंगामात रस्त्याने जाणाऱ्या उसाच्या गाड्यांच्या बैलांचे घुंगूरही. परंतु साऱ्या वर्गाने ज्याला एकमताने पहिला क्रमांक दिला तो आवाज कोणाच्याही निबंधात कधी आला नव्हता. आपल्या शहरात कित्येक वर्षे नळाला पाणी रोज येत नसे. मध्ये अनेक दिवस जात. पाणी येण्यापूर्वी नळातून प्रथम हवा सुटते, तिचा एक लांब सुस्कारा, मग गुरगुर, मग दोन-चार थेंब आणि लगोलग गल्लीतून एका घरापासून दुसऱ्या घरी जाणारी हाक, ''आलं, आलं!'' आणि त्यापाठोपाठ हंडे, बादल्या, पिंपे यांचा एकच कल्लोळ. मुलाने तो रात्री दोन वाजता टिपला होता. ''बाई, हे दुसऱ्या गावचं असूच शकत नाही,'' असे तो अभिमानाने म्हणाला. इतर गावांनीही हा मान पटकावला आहे, हे मी त्याला सांगितले नाही.

या सर्वांत एका मुलाने आपल्या आजीच्या जात्यावरील ओव्या आणल्या होत्या. येथे थोडे थांबले पाहिजे.

माझी आजी गोदावरीकाठच्या एका खेड्यात राहत असे. पहाटे ती जात्यावर बसली की मी तिच्या मांडीवर डोके ठेवून पडत असे, आणि जात्याची घरघर जमिनीतून, तिच्या हाडांतून माझ्या कानांत उतरे. आमचे घराणे ख्रिस्ती. पण आजीच्या एकाच दळणात सीतेचा वनवास, उतारशाळेत जागा न मिळालेली मरीया आणि दिवाळीला न आलेला भाऊ असे तिघेही येत. तिला त्यात काही विशेष वाटत नसे. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी आपल्या जिल्ह्यात अभंगांना व कीर्तनाला उपासनेत आणले त्याचे आपण योग्य कौतुक करतो, आणि फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण तर १६१६ सालीच ओवीत छापले गेले. परंतु जात्यापाशी हा मिलाफ कोणाही विद्वानाच्या मदतीवाचून झाला होता. आजीचा आवाज कोठेही मुद्रित नाही. आमच्या वस्तीत तेव्हा तसले यंत्रच नव्हते.

ज्यांचे आवाज मुद्रित झाले अशा स्त्रिया मात्र आहेत, आणि हे काम महाराष्ट्राला भूषणावह आहे. पुण्याच्या हेमा रायरकर आणि फ्रान्समध्ये जन्मून भारतीय झालेले गी पॉइतवाँ हे मुळशी-मावळच्या डोंगराळ भागात स्त्रियांमध्ये काम करीत असता, त्यांच्या ध्यानात आले की, सभेत तोंड न उघडणारी बाई जात्यावर मन मोकळे करते. त्यांनी व गावोगावच्या कार्यकर्त्यांनी ओव्या वह्यांत उतरविण्यास आरंभ केला. हजारावर गावांतून, तीन हजारांवर स्त्रियांकडून, एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल हे त्यांना येऊन मिळाले आणि सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण झाले. त्यात राम आहे, विठ्ठल आहे, डॉ. आंबेडकर आहेत, सासुरवास आहे, आईबाप आहेत. पॉइतवाँ २००४ साली निवर्तले. पुढे 'पारी' या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रामीण भारताच्या लोकसंग्रहाने हे भांडार सर्वांस खुले केले. इतकेच नव्हे तर त्यांची माणसे पुन्हा त्या गावी गेली, हयात गायिकांना शोधून काढले, आणि वीस वर्षांपूर्वीचा त्यांचाच आवाज त्यांना ऐकविला.

आता त्या मुलाच्या आजीकडे वळते. तिच्या घरी जाते आहे, पण ते लग्नाच्या हळदीपुरते. एरवी ते अंगणात कोपऱ्यात पडलेले असते. नातवाने भ्रमणध्वनी पुढे धरून ''आजी, ओवी म्हण,'' म्हटले तर तिला एकही आठवेना. जात्यावर बसले म्हणजे ओवी सुचते, ही आपली म्हण. तिचा शब्दशः प्रत्यय त्या घरी आला. शेवटी जाते झाडून-पुसून घेतले, सुनेने मूठभर ज्वारी आणून ठेवली, म्हातारीने खुंट्याला हात घातला, पहिली वैरण जात्याच्या मुखात गेली आणि दुसऱ्या फेऱ्याला ओवी आपोआप ओठांवर आली. एकवीस ओव्या झाल्या. नातू हुशार. हल्ली आवाज स्वच्छ करण्याची सोय भ्रमणध्वनीतच असते. त्याने घरघर गोंगाट समजून पुसून टाकली आणि आजीचा निर्मळ आवाज तिला ऐकविला. आजी ऐकत राहिली व म्हणाली, ''आन् जातं कुठं गेलं?''

मूळ प्रत त्याच्यापाशी होती, म्हणून बरे. दोन्ही मी वर्गात वाजविल्या. पहिलीत एक वृद्ध बाई कोठेही नसलेल्या जागी गात होती. श्वास मध्येच का तुटतो ते कळत नव्हते. दुसरीत, दगड वळणावर आला म्हणजे स्वर लांबतो, वैरण घालताना क्षणभर थांबतो, जड ओढीला शब्दावर जोर येतो, हे मुलांनी स्वतः ओळखले. ओवीची लय बाईच्या खांद्यात असते, हे मी वृत्तांच्या तासाला इतकी वर्षे सांगत आले आहे. त्यांना ते त्या दिवशी ऐकू आले.

खरा वाद यापुढे उत्पन्न झाला. आमच्या वर्गात ऊसतोड कामगारांची एक मुलगी होती. तिचे आईवडील बीड जिल्ह्यातून गळीत हंगामासाठी येत आणि कारखान्याजवळच्या तळावर, उसाच्या पाचटाच्या कोपीत राहत. या धंद्यात नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजतात. हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली उचल तोडणी करून दोघांनी फेडायची. मुलगी म्हणाली, ''माझी आई पण म्हणती गाणी. जात्यावर नाही, मोळी बांधताना.'' दोघी मुलींना घेऊन मी एका रविवारी संध्याकाळी तळावर गेले. आईचे वय तिशीच्या आतबाहेर असेल. प्रथम ती लाजली, मग पाच ओव्या म्हणाली. चाल जात्याचीच होती. जात्याच्या जागी पाचटाची सळसळ आणि कुठेतरी रडणारे मूल. त्यांपैकी तीन ओव्या माहेराच्या होत्या, दोन उचलीच्या.

म्हणून झाल्यावर तिने विचारले, ''बाई, माझा आवाज कुटं नेणार तुमी?''

शाळेत ऐकवणार, असे मी सांगितले. ''मुकादम ऐकंल?'' शाळेत मुकादम कशाला येईल, असे माझ्या ओठांवर आले होते. पण आमच्या संमेलनाला गावातील कोण कोण येते हे मी जाणून आहे. मी म्हटले, ''ऐकूही शकेल.'' ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ''दोन काढून टाका. माहेरच्या ठेवा. अन् नाव नको.''

वर्गात या दोन ओव्यांवरून दोन तट पडले. एक पक्ष म्हणे, त्याच सर्वांत चांगल्या आहेत, त्या वगळल्या तर आपण खोटे कोपरगाव ऐकविले असे होईल. नाव गाळले म्हणजे झाले. हा पक्ष मोठा होता आणि त्यांचा युक्तिवाद मला अगदीच टाकाऊ वाटला नाही. ॲक्सनच्या सोबत्यांचे बोल जसेच्या तसे ठेवण्याचे गुणगान मीच त्यांच्यापाशी केले होते ना! तेव्हा एका मुलाने म्हटले, की त्या सोबत्यांना कोणी पुढल्या वर्षी उचल नाकारणार नव्हते. शिवाय आवाज हेच नाव असते. तळावर राहणारा कोणीही तो ओळखील. त्या मुलीला कोणी काही विचारले नव्हते. ती बाकावर बोट फिरवीत बसली होती. मी विचारले तेव्हा एवढेच म्हणाली, ''आईनं नाही म्हटलंय.''

दोन्ही ओव्या काढल्या. त्या मी ऐकल्या आहेत, आणि त्यांची बरोबरी करील असे त्या साऱ्या मुद्रणात काही नव्हते, हेही सांगते. येथे त्या लिहिणार नाही.

याच संदर्भात मुलांना मी एक जुनी हकिकत सांगितली. सर जॉर्ज ग्रियर्सन यांनी भारतीय भाषांची पाहणी केली, तिला जोडून १९१३ ते १९२९ या काळात हिंदुस्थानातील नानाविध भाषांच्या ध्वनिमुद्रिका तयार करण्यात आल्या. भाषाभाषांची तुलना करता यावी म्हणून त्यांनी सर्वांसाठी एकच कथा निवडली, ती लूककृत शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राची. कोणी डोंगरातला, कोणी किनाऱ्यावरचा. प्रत्येकाने आपल्या बोलीत 'एका मनुष्याला दोन पुत्र होते' येथून प्रारंभ केलेला. भाषाशास्त्राला त्याचा मोठा उपयोग झाला, आणि मी त्याला नावे ठेवीत नाही. परंतु त्या मुद्रिकांत बोलणारा हा भाषेचा नमुना आहे. आमच्या तळावरील बाई नमुना नव्हती. तिला काय द्यायचे आणि काय राखायचे ते ठाऊक होते.

ध्वनिचित्र अठरा मिनिटांचे झाले. स्नेहसंमेलनात ते सभागृह अंधारून ऐकविले. पहिली दोन-तीन मिनिटे प्रेक्षक चुळबुळत होते. रंगमंचावर काही दिसेना, तेव्हा वीज गेली असे मागील बाजूच्या काहींना वाटले. नळाचा सुस्कारा आला आणि सगळे सभागृह हसले. स्त्रियांच्या बाजूने तर कोणी मोठ्याने ''आलं, आलं!'' म्हटलेसुद्धा. आजीच्या ओव्या चालू झाल्या तेव्हा हसणे थांबले. पुढच्या रांगेतील एक वयस्क बाई ओठांतल्या ओठांत म्हणू लागल्या, असे त्यांच्याशेजारी बसलेल्या आमच्या एका शिक्षिकेने मागाहून सांगितले. माहेराच्या ओव्या शेवटी होत्या. त्या संपल्यावर पाचटाची सळसळ अर्धा मिनिट तशीच ठेवली होती. तीही कापावी असे काही मुलांचे मत होते, पण त्या मुलीने ठेवावयास लावली.

तिची आई समारंभास येऊ शकली नाही. त्या रात्री फडात भरणी होती. दुसऱ्या दिवशी मुलीने तळावर ते तिला ऐकविले. शेजारच्या तीन-चार कोप्यांतील बायाही जमल्या. आईने आपल्या ओव्यांपेक्षा आजीच्याच पुन्हा लावायला सांगितल्या, कारण त्यांतील दोन तिला येत नव्हत्या; आणि त्या तिने तेथेच पाठ केल्या.

मूळ मुद्रणे आता शाळेच्या ग्रंथालयात ठेविली आहेत. प्रत्येकासाठी एका वहीत नोंद आहे: काय ऐकू येते, केव्हा टिपले, कोणी टिपले, आवाज ज्यांचा त्यांनी कशास अनुमती दिली व कशास नाही. ठिकाणाच्या रकान्यात मुलांनी सर्वत्र 'कोपरगाव' लिहिले होते. त्या पाच ओव्यांसमोर मुलीने तो शब्द खोडून आपल्या तालुक्याचे नाव घातले. मग काही वेळाने परत आली, आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'सहा महिने कोपरगाव' असे लिहून गेली. ज्या पालकांच्या घरी जाते आहे आणि त्यावर बसणारे कोणी आहे, त्यांनी वर्गशिक्षकांना कळवावे. मुले यंत्र घेऊन येतील. ज्वारी मात्र आपली लागेल.